घास अडतोय? गिळण्याचाही व्यायाम असतो



देवपुरातल्या बचत गटांच्या वतीने आम्ही आज एका अशा त्रासाबद्दल बोलणार आहोत, ज्याला आपल्या घरात सहसा कोणी आजार म्हणत नाही. म्हातारं माणूस पाणी पिताना ठसकतं, अर्धी भाकरी खायला तासभर लावतं, घास तोंडात घोळवत बसतं. आपण म्हणतो, वय झालं. ते माणूसही म्हणतं, "माले भूक नही," आणि ताट सरकवून देतं. खरं तर भूक असते. पण ठसक्याची भीती वाटते आणि चारचौघांत खोकून घास बाहेर आला तर लाज वाटते. मग आजी सगळ्यांची जेवणं झाल्यावर एकटीच जेवायला बसते, आणि हळूहळू चहा-पाणीही कमी करते.

आखाजीला माहेरी आलेल्या लेकीला आई वाळलेली दिसते. शेजारीपाजारी कुजबुजतात, "सून खायला घालत नाही वाटतं." आमच्या गटांच्या बैठकांमध्ये हे बोल ऐकलेल्या सुना आहेत. ती बिचारी रोज ताट वाढते, पण घास खाली उतरत नाही, हे कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून हा विषय आज घेतला आहे. यात दोष ना सुनेचा, ना सासूचा. हा स्नायूंचा आणि नसांचा त्रास आहे. डॉक्टर त्याला डिसफेजिया म्हणतात. योग्य तपासणी झाली आणि नेमाने व्यायाम केला, तर पुष्कळांना त्यातून आराम पडतो.

गिळताना काय होतं?

घशात दोन वाटा शेजारी शेजारी असतात. पुढची श्वासनलिका फुफ्फुसात जाते, मागची अन्ननलिका पोटात. आपण घास चावतो, जीभ त्याचा गोळा करून मागे ढकलते. त्याच क्षणी गळ्याची घाटी वर आणि पुढे सरकते, श्वासनलिकेवर झाकण पडतं, श्वास क्षणभर थांबतो आणि घास मागच्या वाटेने खाली जातो. गळ्यावर बोट ठेवून आत्ता एकदा थुंकी गिळून पाहा. घाटी वर जाऊन खाली आलेली कळेल. या एका हालचालीत तीसहून जास्त स्नायू काम करतात.

हात-पाय वयाबरोबर बारीक होतात, तसेच जिभेचे आणि घशाचे स्नायूही होतात. झाकण पडायला किंचित उशीर होतो. पाणी तर धावतंच, त्यामुळे पहिला ठसका बहुतेक वेळा पाण्याचा किंवा चहाचा लागतो, भाकरीचा नाही. लकवा झाला, कंपवात असला, विसराळूपणाचा आजार असला, किंवा तोंडा-घशाच्या कॅन्सरसाठी शेक घेतले असले, तर त्रास जास्त होतो. दात नसणं, कवळी सैल होणं, काही गोळ्यांमुळे तोंड कोरडं पडणं, हीही कारणं असतात.

गिळता येत नाही म्हणून खाणं कमी होतं. खाणं कमी झालं की स्नायू आणखी बारीक होतात आणि गिळणं आणखी अवघड होतं. हे चक्र कुठेतरी तोडावं लागतं. व्यायाम आणि पोटात जाणारं अन्न, दोन्ही बाजूंनी ते तोडायचं असतं.

कोणत्या खुणा ओळखायच्या?

जेवताना किंवा पाणी पिताना वारंवार ठसका लागणं. गिळल्यावर आवाज ओला, घुरघुरल्यासारखा येणं. घास गालात साठून राहणं. लाळ गळणं. एकच घास दोन-तीनदा गिळावा लागणं. कारण नसताना वजन उतरणं. आणि छातीत कफ होऊन पुन्हा पुन्हा ताप येणं.

या शेवटच्या खुणेकडे फार लक्ष द्या. अन्नाचे कण किंवा लाळ फुफ्फुसात गेली, तर न्यूमोनिया होऊ शकतो, आणि म्हातारपणी तो जीवावर बेतू शकतो. काही जणांना, विशेषतः लकव्यानंतर, अन्न चुकीच्या वाटेने गेलं तरी ठसकाच लागत नाही. घशाची जाणीवच कमी झालेली असते. म्हणून "आजी ठसकत नाहीत, म्हणजे ठीक आहेत," असं समजून चालत नाही.

घरी एक साधी पाहणी करता येते. माणसाला सरळ बसवा, तोंड कोरडं असेल तर ओलं करा. मग नुसती थुंकी जितक्यांदा गिळता येईल तितक्यांदा गिळायला सांगा. घाटीवर हलकं बोट ठेवून अर्ध्या मिनिटात घाटी किती वेळा वर जाते, ते मोजा. ३० सेकंदांत तीन वेळाही जमलं नाही, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. जपानमध्ये वृद्धांसाठी ही चाचणी वापरली जाते. तिच्यावरून आजाराचं नाव कळत नाही, पण पुढे तपासायला हवं की नाही, ते कळतं. पाणी पाजून परीक्षा मात्र घरी घेऊ नका. ते काम शिकलेल्या माणसाचं आहे.

आधी डॉक्टर, मग व्यायाम

मैत्रिणींनो, हे आम्ही आग्रहाने सांगतो. घास छातीत अडकतो, आधी भाकरी अडायची आणि आता पातळही अडतं, वजन झपाट्याने उतरतंय, उलटीत रक्त दिसतंय, असं असेल तर व्यायाम करत दिवस घालवू नका. अन्ननलिकेत गाठ असू शकते. तंबाखू किंवा मिसरी लावणाऱ्याच्या तोंडात न भरणारा व्रण असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, तर तेही लगेच दाखवा. आणि एकाएकी गिळता येईनासं झालं, सोबत तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तो लकवा असू शकतो. अशा वेळी तोंडात पाणी, औषध, काहीच घालायचं नाही. १०८ ला फोन करून थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून त्रास नेमका किती वाजता सुरू झाला, तेही लक्षात ठेवायचं.

एरवी धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवता येतं. जळगावलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "स्पीच थेरपिस्ट भेटतील का?" पुष्कळांना वाटतं, हे तज्ज्ञ फक्त बोलणं शिकवतात. पण जीभ, ओठ आणि घसा जसे बोलण्याचे, तसेच गिळण्याचे अवयव. त्यामुळे गिळण्याचे व्यायामही तेच शिकवतात. गरज पडली तर नाकातून बारीक दुर्बीण घालून, किंवा बेरियम मिसळलेला घास गिळताना क्ष-किरणांनी चित्रण करून, घास नेमका कुठे चुकतो ते पाहतात. कोणाला कोणता व्यायाम द्यायचा, हे त्यावरून ठरतं.

आता व्यायाम

हे व्यायाम जेवणाच्या वेळी करायचे नाहीत. जेवणाआधी किंवा नंतर किमान अर्धा-पाऊण तास सोडा, नाहीतर घसा दमलेल्या अवस्थेत जेवायला बसेल. खुर्चीत ताठ बसायचं, पाय जमिनीला टेकलेले. तोंडात काहीही नको. सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं पुरतात. दम लागला, चक्कर आली, दुखलं, तर थांबायचं.

पहिला, ओठांचा आणि गालांचा. ओठ ताणून "ई" म्हणा, मग चंबू करून "ऊ" म्हणा. दहा वेळा. नंतर गाल फुगवून पाच आकडे मोजेपर्यंत हवा धरून ठेवा. ओठ घट्ट मिटले की घास आणि लाळ बाहेर येत नाही.

दुसरा, जिभेचा. जीभ सरळ बाहेर काढा, आत घ्या. उजव्या कोपऱ्याला लावा, डाव्या कोपऱ्याला लावा. मग तोंड मिटून संपूर्ण जीभ टाळूवर जोराने दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा. नंतर गालाला बाहेरून बोट लावा आणि आतून जिभेने त्या बोटाला ढकला. घास मागे ढकलणारी जीभच असल्याने हा व्यायाम सगळ्यात कामाचा आहे.

तिसरा, अक्षरांचा. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांकडून जेवणापूर्वी "पा-ता-का-रा" म्हणवून घेण्याची पद्धत आहे. आपल्याला हे समजायला फार सोपं, कारण आपली वर्णमाला तोंडातल्या जागांप्रमाणेच लावलेली आहे. "पा" म्हणताना ओठ मिटतात, "ता" म्हणताना जिभेचं टोक दातांना लागतं, "का" म्हणताना जिभेचा मागचा भाग वर जातो, "रा" म्हणताना टोक थरथरतं. म्हणजे घास तोंडात धरण्यापासून मागे नेण्यापर्यंतची सगळी कवायत या चार अक्षरांत होते. प्रत्येक अक्षर दहा वेळा स्पष्ट आणि मोठ्याने म्हणा, मग चारही एकत्र म्हणा. नातवंडांना सोबत घ्या, त्यांना हा खेळच वाटतो.

चौथा, जोराने गिळण्याचा. नुसती थुंकी गिळायची, पण एखादी मोठी गोळी गिळतोय अशी कल्पना करून जीभ आणि घसा पूर्ण आवळून गिळायची. मध्ये थोडी विश्रांती घेत पाच वेळा, जमेल तसं दहापर्यंत. तोंड कोरडं असेल तर आधी ओल्या फडक्याने ओलं करा.

पाचवा, हनुवटीचा. छोट्या टॉवेलची घट्ट गुंडाळी करा आणि ती हनुवटी व छाती यांच्यामध्ये धरा. खांदे न उचलता हनुवटीने गुंडाळी दाबा, दहा आकडे मोजा, सोडा. पाच वेळांपासून सुरुवात करा. यासाठी मऊ चेंडूही चालतो. घाटी वर उचलणारे हनुवटीखालचे स्नायू यातून बळकट होतात.

सहावा, डोकं उचलण्याचा. हा अमेरिकेतल्या डॉ. रझा शेकर यांच्या नावाने ओळखला जातो. १९९७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. उशी न घेता सपाट झोपायचं, खांदे जमिनीला टेकलेले ठेवायचे आणि फक्त डोकं उचलून पायाच्या बोटांकडे पाहायचं. मूळ पद्धतीत एक-एक मिनिट असं तीनदा धरतात, मध्ये मिनिटभर थांबतात, नंतर सलग तीस वेळा डोकं वर-खाली करतात. दिवसातून तीनदा, सहा आठवडे. आपल्याकडच्या सत्तरीच्या आजीला हे पहिल्या दिवशी झेपायचं नाही. पाच-दहा सेकंदांपासून सुरू करून वाढवायचं. मानेचे मणके झिजलेले असतील, मान दुखत असेल, रक्तदाब वाढलेला असेल, हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा व्यायाम करायचा नाही. त्यांच्यासाठी टॉवेलचा व्यायाम बरा.

सातवा, श्वासाचा. नाकाने दीर्घ श्वास घ्या आणि समोर धरलेल्या कागदाच्या पट्टीवर लांब फुंकर मारा. पट्टी जास्तीत जास्त वेळ हलती राहिली पाहिजे. यामुळे खोकण्याची ताकद टिकते. चुकून काही श्वासनलिकेत शिरलंच, तर ते बाहेर फेकायला खोकलाच लागतो.

याशिवाय मोठ्याने वाचणं, भजन म्हणणं, जात्यावरच्या ओव्या म्हणणं. आपल्या खान्देशात बहिणाबाई चौधरींची गाणी तोंडपाठ असलेल्या आज्या आहेत. त्यांना रोज एक मोठ्याने म्हणायला लावा. आवाजही वापरात राहतो आणि मनही लागतं.

जिभेचं टोक दातांत धरून गिळायचा आणखी एक व्यायाम मोबाइलवर दाखवतात. तो तज्ज्ञाने शिकवला तरच करा, आणि तोंडात अन्न-पाणी असताना तर कधीच नको.

हे सगळं आठ-दहा दिवसांत दिसण्यासारखं नाही. सहा ते आठ आठवडे नेमाने करावं लागतं. कॅलेंडरवर रोज एक खूण करा. आपण बचतीचा हप्ता चुकवत नाही, तसंच. कंपवातासारख्या वाढत जाणाऱ्या आजारात व्यायामाने आजार जात नाही, पण आहे ती ताकद जास्त दिवस टिकू शकते.

"वर बघ" म्हणू नका

ठसका लागला की आपल्याकडे डोक्यावर टपली मारतात आणि म्हणतात, "वर बघ, वर बघ!" हे उलटं आहे. मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट आणखी उघडते आणि अडकलेलं खाली घसरायला मदत होते. माणूस खोकत असेल तर त्याला पुढे वाकवा आणि खोकू द्या. पाणी पाजू नका. मात्र आवाजच निघत नसेल, श्वास घेता येत नसेल, ओठ काळेनिळे पडत असतील, तर त्याला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा मारा. नाही निघालं, तर मागे उभं राहून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वरच्या दिशेने पाच झटके द्या. दोन्ही आळीपाळीने करत राहा, आणि दुसऱ्या कोणाला तरी १०८ लावायला सांगा. शुद्ध हरपली तर खाली झोपवून छाती दाबायला सुरुवात करा. तोंडात न पाहता बोट घालू नका.

तांब्याने वरून पाणी पिण्याची सवयही याच कारणाने सोडायची. गिळायचा त्रास असलेल्याने मान मागे टाकून पाणी ओतायचं नाही. भांडं ओठाला लावून छोटा घोट घ्यायचा. काहींना हनुवटी किंचित छातीकडे झुकवून गिळलं तर सोपं जातं, पण ते सगळ्यांना लागू नाही. तज्ज्ञाकडून खात्री करून घ्या.

ताटात काय, आणि कसं?

जेवताना पाठ सरळ हवी. खाटेवरच्या माणसालाही उशा लावून उठवून बसवा, झोपवून कधीच भरवू नका. भरवणारीने उभं न राहता समोर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसावं, म्हणजे त्यांना मान वर करावी लागत नाही. चमचा छोटा. पहिला घास उतरल्याशिवाय दुसरा नाही. टीव्ही बंद, गप्पा बंद. जेवल्यावर अर्धा-पाऊण तास बसवून ठेवा.

कोरडी भाकरी, बिबडे, पापड, चिवडा, मुरमुरे, शेंगदाणे, साबुदाण्याची खिचडी टाळा. पातळ आणि घट्ट एकत्र असलेले पदार्थही फसवे असतात. दुधात किंवा रश्श्यात चुरलेली भाकरी आपल्याला मऊ वाटते, पण दूध आधी घशात धावतं आणि तुकडा तोंडातच राहतो. चुरायचीच असेल, तर पुरती भिजवून एकजीव घोटा. घोटलेली डाळ, तूप घातलेली मऊ खिचडी, नागलीची दाट आंबील, दही, कुस्करलेलं केळं, दाणे-मिरची न घातलेलं बारीक घोटलेलं भरीत, हे आपल्याच घरातलं आणि सोसणारं. डाळ आणि दही रोज हवंच, कारण स्नायूंना प्रथिनं लागतात. आखाजीला आमरस गाळून, रेषा काढून द्या.

पाणी आणि चहा किती दाट करायचा, हे तज्ज्ञ सांगतील. सगळ्यांना दाट लागत नाही, आणि आपल्या मनाने पाणी बंद तर मुळीच करायचं नाही. गोळ्या विचारल्याशिवाय कुटून देऊ नका. काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात. सकाळी आणि रात्री दात, जीभ आणि कवळी स्वच्छ करा. तोंडातले जंतूच लाळेबरोबर फुफ्फुसात जातात, त्यामुळे तोंड स्वच्छ ठेवणं हा न्यूमोनिया टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

गटाने काय करायचं?

हे सगळं एकट्या सुनेच्या डोक्यावर टाकू नका. व्यायाम घ्यायला मुलगा बसू शकतो, "पा-ता-का-रा" नातू म्हणवून घेऊ शकतो. आमचं तुम्हाला एक सुचवणं आहे. पुढच्या मासिक बैठकीत हप्ते जमा झाल्यावर दहा मिनिटं काढा. प्रत्येकीने सांगावं, घरातलं म्हातारं माणूस ठसकतं का, त्याचं वजन उतरलंय का. ज्यांच्याकडे तसं असेल, त्यांच्यासोबत आशाताईंना किंवा गटातल्या एकीला दवाखान्यात पाठवा. दोघी गेल्या की डॉक्टरांना नीट विचारता येतं आणि सांगितलेलं लक्षात राहतं. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइनही आहे.

आज संध्याकाळी जेवताना घरातल्या आजी-आजोबांच्या समोर बसा. ताट वाढून उठू नका. ते कसे गिळतात, कुठे थांबतात, किती सोडतात, ते दोन-चार दिवस पाहा आणि वहीत लिहा. डॉक्टरांकडे गेल्यावर ती वही फार उपयोगी पडेल.